सहा हजार फॉन्ट आणि एक भ

फॉन्ट सांभाळायलाही वेगळं सॉफ्टवेअर लागतं, हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं, आणि तेही आमच्या खालच्या मजल्यावरच्या भावेशभाईंकडून. तोपर्यंत माझा समज असा होता की फॉन्ट आपले आपण राहतात. पनवेलच्या बाजारात माझं 'टिपणीस ग्राफिक्स' हे दुकान पंचवीस वर्षं उभं आहे. लग्नपत्रिका, हळदीचे बॅनर, क्लासच्या जाहिराती, दवाखान्यांच्या पाट्या, वाढदिवसाचे शुभेच्छाफलक, असं सगळं मी करतो. लोक मला 'बॅनरवाले टिपणीस' म्हणतात. मी स्वतःला ग्राफिक डिझायनर म्हणतो. या दोन पदव्यांमधलं अंतर कमी करण्याच्या नादात पुढचं सगळं झालं.

भावेशभाई आले होते सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस करून घ्यायला. ते आमचे सेक्रेटरी. बेलापूरच्या एका कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळतात आणि उरलेल्या वेळात आम्हाला. मी डिझाइनचा प्रोग्रॅम सुरू केला आणि सवयीप्रमाणे चहा सांगितला, कारण तो उघडायला नऊ मिनिटं लागायची. चहा आला, पिऊन झाला, ग्लास परत गेले, तरी पडद्यावर फॉन्ट लोड होतच होते.

"टिपणीसभाई, फॉन्ट किती आहेत तुमच्याकडे?" भावेशभाईंनी घड्याळाकडे बघत विचारलं.

"असतील चार-पाचशे."

"सहा हजार आठशे बारा," दुसऱ्या मशीनवरून किशोरी म्हणाली.

किशोरी माझी ऑपरेटर. अकरा वर्षं माझ्याकडे आहे, राहते पनवेलजवळच्या कोन गावात, आणि मान वर न करता बोलते. तिचं बोलणं नेहमी खरं निघतं, त्यामुळे दुकानात मला फारसं बोलता येत नाही.

"आणि त्यातले वापरता किती?"

"आठ," किशोरी म्हणाली.

भावेशभाईंनी माझ्याकडे असं बघितलं जसं डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन बघतात. "मशीन चांगलं आहे, पण घरात पाहुणे फार झालेत. फॉन्ट मॅनेजर टाका. मोठमोठे डिझायनर सगळे वापरतात."

शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

आता हे सहा हजार फॉन्ट आले कुठून, असं कुणी विचारेल. आमच्या धंद्यात फॉन्ट येतात ते कढीपत्त्याच्या रोपासारखे. कुणीतरी कुणाकडून आणलेलं असतं, कुणीतरी प्रेमानं देतं, आणि नको म्हणणं बरं दिसत नाही. पेणचा एक प्रेसवाला आला की पेन ड्राइव्हभर फॉन्ट ठेवून जायचा. मी त्याला माझे द्यायचो. बहुधा त्यातले निम्मे त्याचेच त्याला परत जात असावेत.

शिवाय आमच्याकडे गिऱ्हाईक फॉन्टच्या नावानं फॉन्ट मागत नाही. ते मागतं प्रसंगाच्या नावानं. "काळूरामच्या वास्तुशांतीला होतं तसलं अक्षर द्या," किंवा, "पारूच्या बारशाच्या बॅनरवर होतं ते नको, ते फार नाजूक वाटतं." त्यामुळे किशोरीनं अकरा वर्षांत फॉन्टांच्या फायलींना आपली नावं देऊन ठेवली होती. 'काळूराम वास्तू', 'पारू बारसं', 'संजना डोहाळे', 'जिमचं उद्घाटन', 'जिमचं दुसऱ्यांदा उद्घाटन'. गिऱ्हाईक बोलायच्या आत तिला फॉन्ट सापडायचा. मला मात्र ही पद्धत ग्राफिक डिझायनरच्या दुकानाला शोभणारी वाटत नव्हती. उद्या कुणी मुंबईहून आला आणि त्याला 'संजना डोहाळे' दिसलं तर तो काय म्हणेल, ही चिंता मला होती. पंचवीस वर्षांत मुंबईहून कुणी आलं नव्हतं, पण म्हणून चिंता करायची थांबत नाही.

मी रीतसर निवड करायचं ठरवलं. एका मोठ्या कागदावर तक्ता आखला. डावीकडे तीन सॉफ्टवेअर, वर निकष: वेग, वर्गीकरण, मराठीची सोय, दिसणं. घरी जेवणाच्या टेबलावर तो पसरला तेव्हा रंजितानं, म्हणजे माझ्या पत्नीनं, ताटं हातात धरून विचारलं, "आत्ता जे आहे त्याला काय झालंय?"

हा प्रश्न ती माझ्या प्रत्येक योजनेला विचारते. घडीच्या ट्रेडमिलला विचारला होता, सौर कंदिलाला विचारला होता. ट्रेडमिलवर सध्या चादरी वाळतात. मी तक्ता उचलून ताटांना जागा करून दिली.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी काही घेतोय असा नुसता वास आला तरी माणसं जमतात. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नेहमी मधलं घ्यावं, महागही नाही आणि स्वस्तही नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त तलाठ्यांनी फॉन्ट म्हणजे काय ते आधी समजून घेतलं आणि मग म्हणाले, या सगळ्यांची नोंद सातबाऱ्यासारखी हवी, पूर्वीचा मालक कोण, आत्ताचा कोण. परदेशातल्या कंपन्यांनाही नेमकं हेच हवं असतं, हे मला पुढच्याच आठवड्यात समजलं.

पहिलं सॉफ्टवेअर निळ्या चिन्हाचं. ते वापरून बघण्यापूर्वी त्यांनी एक अर्ज भरून घेतला. संस्थेचं नाव, संस्थेतला विभाग, आपलं पद, आपल्या हाताखालची माणसं. पदाच्या जागी मी 'क्रिएटिव्ह डायरेक्टर' लिहिलं. किशोरीनं ते वाचलं आणि आपली खुर्ची जरा लांब सरकवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या एका बाईंचा फोन आला. अतिशय गोड आवाजात त्या म्हणाल्या, आपल्या आयटी टीमशी बोलायचं आहे. मी भांबावून फोन किशोरीकडे दिला.

"आयटी टीम जेवायला गेलीय," किशोरी म्हणाली आणि फोन ठेवला.

पण बाई चिकाटीच्या. त्यांनी मेल पाठवला की आपल्याकडच्या प्रत्येक फॉन्टचं परवानापत्र जोडा, म्हणजे पुढची कारवाई करता येईल. सहा हजार आठशे बारा परवानापत्रं. पेणच्या प्रेसवाल्यानं पेन ड्राइव्हबरोबर परवानापत्र दिल्याचं मला आठवेना. मी तक्त्यावर निळ्या सॉफ्टवेअरच्या नावापुढे 'व्यवहार्य नाही' असा शेरा लिहिला आणि तो मेल उघडलाच नाही असं स्वतःला समजावलं.

दुसरं हिरव्या चिन्हाचं. यानं काही विचारलं नाही. आल्या आल्या सगळे फॉन्ट गोळा केले आणि त्यांचे गट पाडले. देखणे गट होते. जाड, बारीक, हस्ताक्षरी, पुस्तकी. मी मराठी फॉन्ट शोधू लागलो. कुठल्याच गटात नाहीत. तासाभरानं ते सापडले. आमचे मराठीचे अकराशे फॉन्ट त्यानं 'चिन्हे व इतर' या गटात टाकले होते. तिथे कात्री होती, टेलिफोन होता, बर्फाचे कण होते, फुटबॉल होता, आणि त्यांच्यामध्ये अकराशे मराठी फॉन्ट दाटीवाटीनं बसले होते.

मला फार अपमान वाटला. माझा एकट्याचा असता तर गिळला असता, सवय आहे. पण हा मायबोलीचा प्रश्न होता. मी त्यांच्या मदत कक्षाला इंग्रजीत दीड पानी पत्र लिहिलं. त्यात मराठीचा इतिहास थोडक्यात दिला. तिकडून केविन नावाच्या गृहस्थाचं उत्तर आलं की आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो, कृपया पडद्याचा फोटो पाठवा. मी फोटो पाठवला. मग केविननं विचारलं की यातली कोणती चिन्हं आपल्याला नकोशी आहेत. त्यानंतर आमचा पत्रव्यवहार थांबला.

राहिलं तिसरं, फुकटचं. त्याची भावेशभाईंनी स्वतः शिफारस केली होती. त्या आठवड्यात दुकानाच्या गल्लीतला रस्ता कुणीतरी खणला आणि इंटरनेटची तार तुटली, म्हणून ते पेन ड्राइव्हवर आणायचं ठरलं. ड्रॉवरमध्ये एक लाल पेन ड्राइव्ह होता. तो मोकळा आहे का, हे किशोरीला विचारायला हवं होतं. पण ती जेवायला गेली होती, आणि मी क्रिएटिव्ह डायरेक्टर होतो. मी तो पूर्ण पुसून टाकला, भावेशभाईंच्या घरून सॉफ्टवेअर आणलं, आणि दोन्ही मशीनचे फॉन्ट एका जागी गोळा करून त्याच्या हवाली केले.

या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण होतं. 'डुप्लिकेट काढा.' दाबल्यावर त्यानं सांगितलं की, फायलीवर आम्ही काहीही लिहिलेलं असो, आत एकच मूळ नाव असलेले दोन-दोन, तीन-तीन फॉन्ट मिळून एकूण एक हजार नऊशे चौदा डुप्लिकेट आहेत. काढू का? खात्री आहे? नक्की खात्री आहे? तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा होय म्हटलं. माझ्या लग्नातसुद्धा मी इतक्या ठामपणे होकार दिला नव्हता. मग भावेशभाईंनी शिकवल्याप्रमाणे कचऱ्याचा डबाही रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी डिझाइनचा प्रोग्रॅम चाळीस सेकंदांत उघडला. किशोरीही पडद्याकडे बघत राहिली. मी तक्त्यावर तिसऱ्या नावाभोवती लाल वर्तुळ काढलं आणि तक्ता दुकानाच्या भिंतीवर लावला.

तो गुरुवार होता. दुपारी दाजी आले.

कोनचे दाजी माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. पूर्वीची शेतं आता हायवेच्या कडेला आली, तिथे गाळे झाले, पण दाजी अजून पांढरा सदरा आणि टोपीतच असतात. त्यांच्या गावातलं लग्न असो की सत्यनारायण, पत्रिका माझ्याकडेच येते. या वेळी बरोबर त्यांची बायको होती, भामाआजी. हिरवं लुगडं, हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि खुर्ची दिली तरी ती उभीच राहिली.

"समीक्षाची पत्रिका कराची हाय," दाजी म्हणाले. "आमच्या रूपेशची पोरगी. मंगलवारी गावदेवीसमोर पयली पत्रिका ठेवाची, मंग वाटाची."

"झालंच म्हणून समजा. अक्षर कसं हवं?"

"रूपेशच्या लग्नान व्हता तोच," भामाआजी म्हणाली. "दुसरा नको."

मी हसून म्हटलं, "आजी, आता आपल्याकडे सगळं शिस्तीत लावलंय. एका सेकंदात काढून देतो." आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे हात केला. भामाआजीनं तक्त्याकडे बघितलं आणि नजर परत माझ्यावर आणली.

ती दोघं गेल्यावर किशोरीनं 'रूपेश लग्न' शोधलं. मग पुन्हा शोधलं. मग माझ्याकडे वळली.

"सर, तो नाय."

"असेल ना कुठेतरी, नीट बघ."

"डुप्लिकेटमध्ये गेला. त्याच मूळ नावाचा दुसरा एक होता, तोपण खराब निघाला, उघडत नाय." मग तिनं ड्रॉवर उघडला. "पन काय टेन्शन नाय. मी सगल्यांची एक कॉपी ठेवलीय. लाल पेन ड्राइव्हमध्ये."

मी खाली बसलो. माझ्या चेहऱ्यावरून तिला समजलं असावं, कारण तिनं ड्रॉवर हळूच बंद केला.

तेवढ्यात मला सीडी आठवली. तो फॉन्ट मी रूपेशच्या लग्नाच्या वर्षी, म्हणजे तेवीस वर्षांपूर्वी, सीडीवर आणला होता. सीडी घरी होती. मी त्याच पावली नवीन पनवेलला घरी गेलो आणि कपाटं उपसायला लागलो.

"त्या चकत्या ना?" रंजिता म्हणाली. "त्या गॅलरीत आहेत."

आमच्या गॅलरीत कबुतरं फार. कुणीतरी सांगितलं की चकाकणारं काही टांगलं की ती येत नाहीत. तेव्हा रंजितानं माझ्या सगळ्या जुन्या सीड्या दोऱ्यानं ओवून ग्रिलला लटकवल्या होत्या. दोन उन्हाळे आणि एक पावसाळा माझा फॉन्टसंग्रह वाऱ्यावर फिरत होता. मी स्टुलावर चढून एकेक सीडी पुसून वाचू लागलो. खालून तलाठी ओरडले की त्या काढू नका, सगळी कबुतरं आमच्याकडे येतात. सातवी सीडी ती निघाली. तिच्यावर कबुतरांनी आपलं मत नोंदवून ठेवलं होतं.

आता सीडी वाचायचं यंत्र कुणाकडे असतं? दुकानात नाही, घरी नाही. शेवटी ते भावेशभाईंच्या माळ्यावर सापडलं, एका मोडक्या मिक्सरच्या खाली. तिसऱ्या प्रयत्नाला सीडी घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली, आणि फॉन्ट पडद्यावर आला. मी भावेशभाईंना मिठी मारली. त्यांनाही ते जरा जास्त वाटलं.

शुक्रवारी आम्ही पत्रिका लावली, शनिवारी सकाळी दाजी आणि भामाआजी नमुना बघायला आले. दाजींनी चष्मा लावून सगळी नावं वाचली. आमच्याकडच्या पत्रिकेत नावं म्हणजे खायचं काम नव्हे. काका, मामा, आत्या, चुलत, मावस, कुणाचं कुणाच्या आधी, सगळं ठरलेलं. दाजी समाधानानं म्हणाले, "बरोबर हाय."

भामाआजीनं कागद हातात घेतला. लांब धरला, जवळ घेतला. 'आपले नम्र'च्या खालच्या नावांवरून तिचं बोट फिरत राहिलं. मग तिनं कागद टेबलावर ठेवला.

"यान माजा नाव नाय."

"अगो, यो काय," दाजी म्हणाले. "भामा लिवलाय. मी वाचतंय ना."

"तुमी वाचता. मी बगतंय."

दाजी माझ्याकडे वळले आणि आवाज खाली घेतला. "तिला वाचता येत नाय, टिपनीस. रूपेशच्या पत्रिकेन तिचा नाव पयल्यांदा छापला. तवा मी दावला तिला, यो तू. तवापासून गावान कनाची बी पत्रिका येवंदे, ती पयला आपला नाव शोदते. सगल्या तुमच्याच दुकानातल्या, तोच अक्षर. तिला बरोबर गावतं."

तेवीस वर्षं ही बाई माझी छपाई वाचत होती आणि मला पत्ता नव्हता. मी चाचरत म्हटलं, "आजी, हा तोच फॉन्ट आहे. मी स्वतः सीडीवरून काढलाय, गॅलरीतून."

भामाआजीनं पिशवीतून कापडाची एक घडी काढली. त्यात रूपेशची पत्रिका होती, कडा झिजलेली, घडीवर चिकटपट्टी लावलेली. तिनं ती नव्या कागदाशेजारी ठेवली आणि दोन्ही ठिकाणच्या 'भामा'वर बोट टेकवलं.

"बग. याला पोट हाय. त्याला नाय."

मी बघितलं. आणि तेवीस वर्षांपूर्वीची एक दुपार मला जशीच्या तशी आठवली. तेव्हा पत्रिका स्क्रीन प्रिंटिंगनं छापायचो. त्या फॉन्टच्या भची गाठ इतकी बारीक होती की शाई भरून तिचा ठिपका व्हायचा. कारागीर म्हणाला, अक्षर बदला. दाजी म्हणाले, अक्षर हेच हवं. तेव्हा मी हट्टानं तो भ उघडला, त्याची गाठ फुगवून मोठी केली, खालचं टोक जरा वळवलं आणि फॉन्ट त्याच नावानं ठेवून दिला. पुढे कोनच्या प्रत्येक पत्रिकेत तोच भ गेला. मी मात्र विसरून गेलो. नाव तेच, आत एक अक्षर वेगळं, आणि सॉफ्टवेअर फक्त नाव बघतं.

म्हणजे पंचवीस वर्षांत, स्वतःला डिझायनर म्हणवत, मी एकूण एक अक्षर घडवलं होतं. आणि तेही डुप्लिकेट म्हणून उडवलं होतं. हे मी मोठ्यानं बोललो असणार, कारण किशोरीनं माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"आजी, भ कसाही असला तरी लोकांना वाचता येईल," मी शेवटचा प्रयत्न केला.

"लोकांना येल," भामाआजी म्हणाली. "पोरीच्या पत्रिकेन मनाच मी गावली नाय, तर देवीसमोर काय ठेवू?"

मी बाही वर केली आणि म्हटलं, पत्रिका द्या, तो भ मी पुन्हा काढतो.

पण पत्रिका द्यायला ती तयार नव्हती. दाजींनी सांगितलं, किशोरीनं सांगितलं, तरी नाही. शेवटी भामाआजी स्वतः स्कॅनरपाशी आली. तिनं पत्रिका काचेवर ठेवली आणि एक कोपरा अंगठ्याखाली धरून ठेवला. स्कॅनरचं झाकण लागेना. तसंच स्कॅन केलं. पडद्यावर पत्रिका आली आणि कोपऱ्यात हा एवढा मोठा अंगठा, रेषेनरेषेसकट.

मग मी बसलो. रोज मी नावं ओततो आणि पुढे जातो, पण अक्षर काढायला बसलो की हात जड होतो. पहिला भ जमल्यावर किशोरीनं तो कागदावर छापला आणि भामाआजीपुढे धरला.

"पोट बारीक हाय."

दुसरा. "याचा डोका वाकरा."

तिसरा मला स्वतःला फार आवडला होता. मुंबईच्या डिझायनरलाही आवडला असता. भामाआजीनं तो बराच वेळ बघितला. "बरा हाय," ती म्हणाली, "पन यो दुसऱ्या कनाचा तरी हाय."

दाजी बाकावर बसून डुलक्या घेत होते. भामाआजी आता माझ्या खुर्चीच्या मागे उभी राहिली आणि बोटानं पडद्यावर दाखवायला लागली. इथे जरा भर. इथे नको. शेपटी खाली घे, एवरी नाय. आयुष्यभर गिऱ्हाइकं माझ्या मागे उभी राहून बोटं दाखवत आली आहेत आणि मला त्याचा भयंकर राग येतो. त्या दिवशी आला नाही. तिला नक्की माहीत होतं तिला काय हवं आहे, आणि असं गिऱ्हाईक मला तेव्हापर्यंत भेटलं नव्हतं.

पाचवा भ छापून आला. तिनं कागद लांब धरला. जवळ घेतलाच नाही.

"हां," ती म्हणाली. "ही मी."

रविवारी छापायला टाकलं, सोमवारी संध्याकाळी दाजींचा माणूस गठ्ठे घेऊन गेला, आणि मंगळवारी पहिली पत्रिका देवीपुढे पोचली.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर ते तिसरंच ठेवलं. पण त्यात आता प्रत्येक फॉन्टला किशोरीनं आपली खूण लावली आहे, आणि 'वास्तू' शोधलं की काळूरामचं अक्षर हजर होतं. 'डुप्लिकेट काढा' हे बटण पडद्यावर जिथे येतं, तिथे तिनं आपली टिकली चिकटवून ठेवली आहे. तक्ता भिंतीवर नाही. रंजितानं तो मागून घेतला, चादरींखाली ट्रेडमिलवर अंथरायला.

समीक्षाच्या हळदीला मी सहकुटुंब कोनला गेलो. मांडवाच्या तोंडाशी आम्हीच केलेला वीस फुटी बॅनर लागला होता. आत गाणी चालू होती, माणसं पिवळी झाली होती. भामाआजीनं मला लांबून बघितलं आणि हाताला धरून परत बाहेर आणलं, बॅनरपुढे.

"यो मी," तिनं वर बोट केलं. तिचं नाव दोन फूट उंच होतं. "रस्त्यावरून दिसतं. सकालपासून चार येलं वाचला."

मी मान हलवली. तेवढ्यात तिची नजर खाली गेली, बॅनरच्या अगदी कोपऱ्यात, जिथे मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते.

"आनि यो कोन?"

"तो मी, आजी. टिपणीस ग्राफिक्स."

"एवरा बारीक?"

"छापणाऱ्याचं नाव बारीकच असतं. त्याला कोण बघतं?"

भामाआजी गुडघ्यावर हात ठेवून वाकली. तिनं माझ्या नावावर बोट टेकवलं, ते डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवलं आणि परत पहिल्या अक्षरावर आणून थांबवलं.

"पुडच्या येलंला वलकीन," ती म्हणाली, आणि मला जेवायला घेऊन गेली.